सूर्यफुलाच्या शिल्पात कोन महत्त्वाचा

चाळीसगावात पत्र्यावर बियांसारखे गोळे वेल्ड करून स्टीलचं सूर्यफूल उभारायची सूचना वाचली; कल्पना फारच आवडली. जवळच पाटणच्या शिलालेखात गणितज्ञ भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. गणिती शिल्पाला याहून योग्य गाव कुठलं? पण त्या सूचनेत म्हटलंय तसे गोळे एकात एक वर्तुळांत लावू नका. प्रत्येक गोळा आधीच्यापासून मध्याभोवती १३७.५ अंशांवर आणि मध्यापासूनचं अंतर क्रमांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवा. मग गोळे पुरेसे असले, की खऱ्या सूर्यफुलासारखी एका दिशेने ३४ आणि उलट दिशेने ५५ वळणं आपोआप उमटतात. कोन एका अंशाने जरी चुकला, तरी मध्ये लांबच लांब फटी पडतात. वेल्डिंगआधी पत्र्यावर सगळ्या खुणा पंच करून घ्या, आणि वेल्डिंगचे छोटे टाके (टॅक) समोरासमोर मारा, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकतो.