सल्ला हवा: स्त्रियांचे हक्क आणि कपड्यांचा इतिहास यांवरची लहान मुलांसाठीची चित्रपुस्तके

वडगावची वाचनताई

सर्वांना नमस्कार. बेळगावात वडगाव भागात आमच्या घराच्या सोप्यात मी दर शनिवारी दुपारी गल्लीतल्या दहा-बारा मुलांना पुस्तक वाचून दाखवते. मुले सहा ते नऊ वर्षांची आहेत. काही मराठी शाळेत जातात, काही कन्नड शाळेत, आणि दोघे-तिघे इंग्रजी माध्यमाचे आहेत.

यंदा ३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची गोष्ट सांगताना, त्या शाळेत जाताना जास्तीची साडी बरोबर नेत असत, या वाक्यावर एका मुलीने मला थांबवले आणि विचारले, “दोन साड्या कशाला? नटायला?” रस्त्यात लोक अंगावर शेण-चिखल फेकत, म्हणून शाळेत पोहोचल्यावर साडी बदलावी लागे, असे मी सांगितल्यावर सगळी गप्प झाली. मग एक मुलगा म्हणाला की त्यांनी पँट घालायला हवी होती, म्हणजे पळता आले असते. सगळी हसली, पण त्यानंतर प्रश्नांची रांगच लागली. बायका पँट कधीपासून घालायला लागल्या? आज्जीच्या लुगड्याला मागे काष्टा असतो, तो मम्मीच्या साडीला का नाही? आणि बाईने काय नेसायचे हे पूर्वी कोण ठरवायचे? यांपैकी निम्म्या प्रश्नांना मी जेमतेम उत्तर दिले.

मला भरपूर चित्रे आणि थोडा मजकूर असलेली पुस्तके हवी आहेत. मराठीत मिळाली तर उत्तमच, इंग्रजी असली तर मी वाचता वाचता मराठीत सांगेन. फक्त प्रत्येक पानावर एक थोर स्त्री, तिची जन्मतारीख आणि खाली चार ओळी अशा प्रकारची पुस्तके कृपया सुचवू नयेत. तशी तीन आमच्याकडे आहेत आणि मुले ती उघडतही नाहीत.

टिळकवाडीचा पुस्तकवेडा

ताई, आपल्या नेमक्या विषयावरचे एक इंग्रजी चित्रपुस्तक माझ्या मुलीने इतक्या वेळा वाचून घेतले की त्याची शिवण सुटली. शेना कोरी यांनी लिहिलेले आणि चेस्ली मॅक्लॅरन यांनी चितारलेले ते ‘यू फर्गॉट युअर स्कर्ट, अमीलिया ब्लूमर!’ हे पुस्तक २००० साली निघाले. अमीलिया ब्लूमर या अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्स या गावी राहत आणि १८४९ पासून ‘द लिली’ नावाचे स्त्रियांचे वृत्तपत्र चालवत. त्या काळच्या ‘सभ्य’ बाईला कंबर आवळणारी, आत हाडांच्या पट्ट्या घातलेली काचोळी, एकावर एक चढवलेले परकर आणि रस्ता झाडत जाणारा झगा एवढे सगळे अंगावर वागवावे लागे. १८५१ साली एलिझाबेथ स्मिथ मिलर यांनी गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा झगा आणि त्याखाली घोट्याशी आवळलेली ढगळ विजार असा वेश केला. ब्लूमरबाईंनी तो स्वतः घातला आणि आपल्या पत्रातून त्याचा पुरस्कार केला, म्हणून लोकांनी त्या विजारीला त्यांचेच नाव चिकटवले, जरी ती कल्पना आपली नव्हे असे त्या स्वतः सांगत. पुस्तकाचा सूर उपदेशाचा नाही, चक्क थट्टेचा आहे. झग्यात अडकून धडपडणाऱ्या बायकांची चित्रे पाहून मुले खिदळतात आणि त्याच भरात मुद्दाही कळून जातो.

दुसरे पुस्तक कीथ नेग्ली यांचे ‘मेरी वेअर्स व्हॉट शी वॉन्ट्स’. मुलींनी झगाच घालायचा अशा गावात विजार घालून हिंडणाऱ्या मुलीची ही गोष्ट आहे. मजकूर फार थोडा असल्यामुळे सहा वर्षांच्या मुलांसाठी मी आधी हेच घेईन. तिच्यामागची खरी व्यक्ती म्हणजे डॉक्टर मेरी वॉकर. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले आणि १८६५ साली त्यांना तिथले सर्वोच्च सैनिकी पदक मिळाले. पुरुषी कपडे घातल्याबद्दल त्यांना अनेकदा अटक झाली. १९१७ साली पदकविजेत्यांच्या यादीतून त्यांचे नाव काढण्यात आले, तरी त्यांनी पदक परत केले नाही. १९७७ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी, ते नाव पुन्हा यादीत आले. पदक परत न देण्याचा हा भाग मुलांना भलताच आवडतो.

दोन्ही पुस्तके परदेशी असल्यामुळे महाग पडतात. मागवण्यापूर्वी विक्रेत्याला प्रत छापील आहे ना, हे विचारून घ्यावे. माझ्याकडे एकदा पैसे छापील प्रतीचे घेऊन फक्त ई-पुस्तक पाठवले गेले होते.

खानापूरच्या निवृत्त बाई

वरची दोन्ही पुस्तके मी नातवंडांबरोबर पाहिली आहेत आणि ती चांगलीच आहेत, पण ती दोनच वाचून थांबलात तर मुलांच्या डोक्यात एक चुकीचे गणित पक्के होईल, की झगा-साडी म्हणजे बंधन आणि विजार म्हणजे सुटका. अमेरिकेतल्या त्या विजारीला तेव्हा लोक ‘तुर्की’ विजार म्हणत, म्हणजे जो वेश पूर्वेकडच्या बायका पिढ्यान् पिढ्या वापरत होत्या, तोच तिकडे गेल्यावर बंडखोरी ठरला. आपल्याकडे तर नऊवारीचा काष्टा घालून बायकांनी भाताची लावणी केली, डोंगर चढले, घोडे दौडवले. चन्नम्मा चौकातून जाताना घोड्यावरची राणी आपली मुले रोज पाहतात. १८२४ साली कित्तूरची ही राणी इंग्रजांशी लढली, तेव्हा सेनेका फॉल्सच्या बायका एकावर एक परकर सांभाळत होत्या. आपल्या भागात त्याच नेसणीला मराठीत काष्ट्याचे लुगडे आणि कन्नडमध्ये कच्चे सीरे म्हणतात, एवढे सांगितले तरी तुमची दोन्ही माध्यमांची मुले एका रांगेत येतील.

दुसरी गोष्ट. आपल्याकडच्या कपड्यांच्या इतिहासातले सर्वांत कठोर पान विधवांचे आहे. केशवपन आणि आलवण हे शब्द आजच्या मुलांनी ऐकलेलेही नाहीत. आलवण म्हणजे काय, तर उच्चवर्णीय घरांतल्या केशवपन केलेल्या विधवेने आयुष्यभर नेसायचे लाल लुगडे, ज्यावर चोळीही घालायची नसे. हे मुलांना सांगावे का, असे तुम्ही विचाराल. मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि माझा अनुभव असा की केस कापण्याची गोष्ट मुलांना चटकन समजते, कारण मनाविरुद्ध न्हाव्यापुढे बसवले की कसे वाटते हे त्यांना पक्के ठाऊक असते. तिथूनच नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे जावे. सत्यशोधक चळवळीतल्या या कार्यकर्त्याच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केस कापणार नाही असे ठरवले. ज्याच्या हातात वस्तरा, त्यानेच तो खाली ठेवला, यावर कोणी चित्रपुस्तक केले तर मी दहा प्रती घेईन.

तोवर आनंदीबाई कर्वे यांच्या ‘माझे पुराण’ मधली निवडक पाने वाचून दाखवा. बालविधवा गोदूबाई म्हणून त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकायला आल्या आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. भाषा घरगुती आहे, मुलांना जड जात नाही.

निपाणीकर

बाईंचे म्हणणे मला पटते, पण नऊवारीच्या बाबतीत एक गोष्ट राहून गेली. लुगडे सगळ्यांना सारखे नेसता येत नव्हते. ते घोट्यापर्यंत असावे की गुडघ्यापाशीच थांबावे, हे जातीवर ठरत असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना सांगितले की तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि अंगावरचे ते जड दागिने यांवरून लोक तुमची जात ओळखतात, तेव्हा ही खूण पुसून टाका. तिथेच अनेकींनी नेसण बदलून लुगडे घोट्यापर्यंत आणले. याच्या दोन वर्षे आधी, एप्रिल १९२५ मध्ये, आमच्या निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद बाबासाहेबांच्याच अध्यक्षतेखाली भरली होती, म्हणून आमच्याकडे हा विषय अजूनही घरचा आहे.

आता हे अमेरिकेच्या गोष्टीशेजारी ठेवून पाहा. तिकडे झगा आखूड केला, तो हक्क होता. महाडला लुगडे लांब केले, तोही हक्कच होता. दक्षिणेकडच्या त्रावणकोर संस्थानात खालच्या मानलेल्या चान्नार जातीतल्या स्त्रियांना छाती झाकण्यासाठी झगडावे लागले आणि १८५९ साली महाराजांनी जाहीरनामा काढून परवानगी दिली, तीही अशी की अंग झाका, पण वरच्या जातींतल्या बायकांसारखे नको. मुलांना विचारायचा प्रश्न मला यातच दिसतो, की कपडा लांब की आखूड हे बाजूला ठेवा, तो ठरवला कोणी?

फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ वर बेतलेले ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ हे इंग्रजी चित्रमय पुस्तक २०११ साली निघाले आहे. ते उत्तम आहे, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी. सहा वर्षांच्यांसमोर ते आत्ताच उघडू नका.

वडगावची वाचनताई

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. निपाणीकर दादा, त्रावणकोरची गोष्ट सहा वर्षांच्या मुलांना सांगताना मला संकोच वाटेल असे आधी वाटले. नंतर वाटले, “अंग झाका, पण आमच्यासारखे नको” हे वाक्य मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळेल, कारण खेळातून वगळताना तीही एकमेकांना असेच काहीतरी सांगत असतात. याच संदर्भात नंगेलीची, म्हणजे स्तनकराच्या निषेधार्थ स्वतःचे स्तन कापून देणाऱ्या बाईची, कथा समाजमाध्यमांवर फार फिरते. ती सांगावी का?

निपाणीकर

ताई, या वयाला नको. एक तर ती फार रक्तरंजित आहे. दुसरे म्हणजे ती लोककथेच्या रूपाने चालत आली आहे, तर १८५९ चा जाहीरनामा कागदावर आहे. मोठी झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून वाचू द्या.

कारवारकर

मम्मीच्या पाचवारीबद्दल कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. आत परकर, वर झंपर किंवा पोलके आणि निऱ्या काढून खांद्यावर पदर घेणे, ही आज ‘पारंपरिक’ वाटणारी पद्धत घडण्यात ज्ञानदानंदिनी देवी टागोर यांचा मोठा वाटा आहे. त्या रवींद्रनाथांच्या वहिनी. त्यांचे पती सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेतले पहिले भारतीय, आणि त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. काही काळ ते आमच्या कारवारला न्यायाधीश होते आणि रवींद्रनाथही तेव्हा इथे येऊन राहिले होते. बंगालमधल्या बायका त्या काळी एकच साडी अंगाला गुंडाळत, त्यामुळे घराबाहेर पडणेच अवघड होते. ज्ञानदानंदिनींनी मुंबईत पारशी बायकांची नेसण पाहिली, तिच्यात फेरफार केले आणि ती इतरांना शिकवण्याची तयारी दाखवणारी जाहिरातही बंगाली मासिकात दिली. मुलांना एवढे कळले तरी पुरे, की मम्मीची साडीसुद्धा कोणीतरी एकदा नवी म्हणून नेसून पाहिली होती आणि तिलाही नावे ठेवणारे होतेच.

कन्नड मुलांसाठी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ पाहावे. तिथली गोष्ट मराठी, कन्नड आणि इंग्रजीत फुकट वाचता येते, छापूनही घेता येते. नेमक्या या विषयाची पुस्तके तिथे थोडीच सापडतील. मात्र ताई, परवाना मोकळा असल्यामुळे तुम्ही स्वतःच लोखंड्यांची गोष्ट लिहून तिथे ठेवू शकता.

टिळकवाडीचा पुस्तकवेडा

पुस्तकात बसत नाही, पण एक छायाचित्र मोठे छापून भिंतीवर लावा. ऑक्टोबर १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात काढलेल्या या चित्रात तीन विद्यार्थिनी आहेत: आपल्या आनंदीबाई जोशी साडीत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली त्यांच्या देशी पोशाखात. माझ्या मुलीला मी काही न सांगता विचारले, या कोण असतील? ती म्हणाली, “तीन राण्या.” डॉक्टर म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. आनंदीबाई १८८६ साली पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा अंगावर साडीच होती. मेरी वॉकर विजारीतली डॉक्टर आणि आनंदीबाई साडीतली डॉक्टर, ही जोडी एकाच शनिवारी घ्या.

वडगावची वाचनताई

ठरवले आहे. पहिल्या शनिवारी मेरीचे पुस्तक आणि ते छायाचित्र, दुसऱ्या शनिवारी ब्लूमरबाई आणि महाड एकत्र. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात शाळा निघाली आणि त्याच वर्षी सेनेका फॉल्सला स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली, हेही एका पट्टीवर काढून ठेवले आहे. वस्तऱ्याच्या गोष्टीची चित्रे मुलांकडूनच काढून घेईन.

आता एक मागणे. आमच्या वडगाव-शहापुरात मागांवर साड्या विणल्या जातात, पण गल्लीत चौकशी केली तर निघतात त्या सगळ्या पाचवारी. खानापूरच्या बाई, तुमच्या आईंचे जुने नऊवारी लुगडे एका शनिवारपुरते मिळेल का? सोप्यापासून रस्त्यापर्यंत पसरून मुलांना ते हाताने मोजू द्यायचे आहे.

खानापूरच्या निवृत्त बाई

देते. इरकलीच आहे, लाल टोपपदराची, एका जागी रफू केलेले आहे, तेवढे जपा. पण नुसते मोजायला देणार नाही. मी स्वतः येईन आणि ज्याला हौस असेल त्याला, मुलगा असो की मुलगी, काष्टा घालून देईन. निऱ्या घालायच्या, मधला पट्टा दोन पायांतून मागे घ्यायचा आणि कमरेला घट्ट खोचायचा. पिना आणून ठेवू नका, काष्ट्याला पिन लागत नाही. आणि अंगण मोकळे ठेवा, कारण काष्टा घातल्यावर मुले पळणार.