आर्मा ३: पाच जणांचं पथक गावात शिरायच्या आधीच गारद होतं, काय करावं?

पंचगंगा_घाट:

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण शनिवारी रात्री जेवणं उरकून आर्मा ३ (संगणकावरचा लष्करी युद्धखेळ) खेळायला बसतो. चौघं कॉलेजपासूनचे, पाचवा माझा मावसभाऊ. सगळे आधीचे बीजीएमआयवाले (मोबाइलवरचा गोळीबाराचा खेळ), त्यामुळे नेम बरा आहे. पण इथे नुसत्या नेमावर काही भागत नाही असं दिसतंय.

मिशन मीच ईडन एडिटरमध्ये (खेळातच मिशन बनवायची सोय) बनवलंय. आल्टिस या खेळातल्या बेटावरच्या निओखोरी गावात सीसॅटचा (खेळातला शत्रूपक्ष) एक अधिकारी लपून बसलाय, त्याला जिवंत धरायचा नाहीतर उडवायचा. गावात वीसेक शत्रू आणि मशीनगनवाली एक इफ्रिट (चिलखती) गाडी. आम्ही गावाबाहेरच्या उंचवट्यावरून उतरतो. मॉड्स (खेळात वरून टाकायची भर) म्हणाल तर सीबीए (बाकी मॉडना लागणारा पाया), एसीई ३ (जखमा-उपचार वगैरे खऱ्यासारखे करणारा) आणि टास्क फोर्सचा रेडिओ.

दर वेळी होतं ते असं. पहिली गोळी सुटते. कुणीतरी रेडिओवर ओरडतं, "अरे तिकडे, तिकडे!" तेवढ्यात एक जण पडतो. मेडिक (म्हणजे मावसभाऊ) जिवाच्या आकांताने त्याच्याकडे धावतो आणि त्याच्याच अंगावर पडतो. मग त्या दोघांना काढायला तिसरा. पाच मिनिटांत रिस्पॉनचा (मेल्यावर पुन्हा सुरुवात करायचा) पडदा, आणि वर "तुझं मिशनच भिकार आहे" हे मला ऐकायला लागतं ते वेगळंच.

विचारायचंय ते हे: एआयची (म्हणजे संगणक चालवतो त्या शत्रूंची) स्किल खाली आणू का? एसीईचं मेडिकल काढून साधं रिव्हाइव्ह ठेवू का? मित्र म्हणतात अजून मॉड टाकू, त्याने फरक पडेल का? आणि होस्ट मीच असतो (खेळ माझ्याच पीसीवरून चालतो), तर गोळीबार वाढला की माझ्याकडे गेम रखडतो, बाकीच्यांना शत्रू थिजल्यासारखे दिसतात. जाणकारांनी सांगावं.

---

जुना_शिलेदार:

मॉड वाढवू नकोस. आहेत तेवढे पुरे आहेत, एखादा कमी झाला तरी चालेल.

मी हे खेळ २००१ च्या ऑपरेशन फ्लॅशपॉइंटपासून खेळतोय. तोच आता आर्मा: कोल्ड वॉर असॉल्ट या नावाने मिळतो. त्यात एक गोळी लागली की खेळ खलास, आणि आख्ख्या मिशनमध्ये सेव्ह म्हणाल तर एकदाच. आता दर रविवारी एका युरोपियन गटाबरोबर खेळतो. त्यांची वेळ यूटीसी १९००, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा. सोमवारी ऑफिसात माझा चेहरा कसा असतो ते बायकोला विचारा. सांगायचा मुद्दा, गावात शिरण्याआधी मरणारी पथकं मी पोत्याने पाहिलीत आणि त्या सगळ्यांचं दुखणं एकच होतं. पाचही जण एकाच वेळी एकच काम करत असतात. पाचही उतरतात, पाचही गोळ्या झाडतात, पाचही बोलतात.

एआयचं आधी उरकतो. डिफिकल्टीमध्ये एआयच्या दोन पट्ट्या आहेत, स्किल आणि प्रिसिजन. स्किलला हात लावू नकोस, प्रिसिजन खाली आण. शत्रू मूर्ख होणार नाही, नेमाला कच्चा होईल, आणि तुम्हाला चुकत-माकत शिकायला दोन श्वास जास्त मिळतील. पण नुसतं एवढं केलंस तर मरण पाच मिनिटांऐवजी दहा मिनिटांवर जाईल, बस्स.

आता खरं काम. आल्टिस हे ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून घेतलंय. उघडं माळरान, गुडघ्याएवढे दगडी बांध, विरळ झाडी. (याच बेटावर २०१२ मध्ये बोहेमियाचे (आर्मा बनवणारी कंपनी) दोन कर्मचारी लष्करी ठिकाणांचे फोटो काढल्याच्या आरोपावरून पकडले गेले होते आणि चार महिन्यांहून जास्त काळ आत होते. आपण निदान खुर्चीत बसून मरतो.) अशा जमिनीवर उंचवट्यावरून ओळीने उतरलात तर मागे आभाळ आणि पुढे तुम्ही, शत्रूला शोधायचीही गरज नाही. माथ्यावर उभं राहायचं नाही. माथ्याच्या अलीकडे आडवं पडायचं आणि दुर्बिणीतून गाव बघायचं. पाच मिनिटं कुणीही गोळी झाडायची नाही. तुझे बीजीएमआयवाले यालाच सगळ्यात जास्त कंटाळतील, पण गावातली गस्त कुठून कुठे फिरते, इफ्रिट कुठे उभी आहे, हे कळायला दुसरा रस्ता नाही.

मग दोन तुकड्या करायच्या. मशीनगनवाला आणि एक रायफलवाला वरच राहतील. त्यांनी गावातल्या खिडक्या आणि कोपरे धरायचे आणि खालच्यांनी सांगितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, बंदुकीचंही नाही. बाकीचे तिघं बांधाच्या आडोशाने बाजूने जातील, वरच्यांच्या गोळीच्या रेषेत कधीही यायचं नाही. वरून मारा सुरू झाला की शत्रू वर बघतो, तेव्हा खालचे हलतात. खालचे थांबून मारू लागले की वरचे मॅगझिन बदलतात. दोघांनी एकदम बदललं की संपलं.

रेडिओचं. "तिकडे" हे दिशेचं नाव नाही. 'के' दाबलं की होकायंत्र येतं, त्यातला अंश वाचायचा. क्रम ठरलेला: दिशा, अंतर, काय दिसतंय, कुठे. "दोन-एक-शून्य, तीनशे मीटर, दोन माणसं, पिवळ्या घराच्या डाव्या भिंतीशी." एवढं बोलून बोट उचलायचं. आकडे सुटे सुटेच बोलायचे. रात्री गोळीबारात कुणी "एकोणसत्तर" म्हणालं की एक जण एकोणसाठ ऐकतो, दुसरा एकोणऐंशी, आणि तिसरा विचारतो "म्हणजे सिक्स्टी नाइन का?" तोवर तो माणूस घरामागे गेलेला असतो. मैत्रीच्या गप्पा रेडिओवर नकोत, शेजारी असाल तर थेट आवाजात काय त्या मारा.

आणि म्होरक्या. तू होस्ट आहेस, मिशन तुझं आहे, म्हणजे म्होरक्याही तूच असशील असं धरतो. म्होरक्याने होता होईल तो गोळी झाडू नये. स्कोपला डोळा लावलास की तुझं जग एका घराएवढं होतं. नकाशा बघ, कोण कुठे आहे ते बघ. तुझं रायफलचं मॅगझिन मिशनच्या शेवटी भरलेलं निघालं तर मिशन चांगलं गेलं समज.

---

मलमपट्टी_मंदा:

शिलेदार भाऊंचं बाकी पटलं, पण म्होरक्याने गोळी झाडू नये हे बारा-पंधरा जणांच्या पथकाला ठीक आहे. पाचातली एक बंदूक गप्प ठेवली तर वीस टक्के मारा गेला. आमच्याकडे म्होरकी खालच्या तिघांत असते आणि झाडतेही, फक्त पहिली गोळी तिची नसते.

मी आमच्या गटात मेडिक असते म्हणून मावसभावाची बाजू घेते. चूक त्याची नाही, तुम्ही त्याला रुग्णवाहिका समजताय.

पडलेला माणूस उघड्यावर असेल तर त्याच्याकडे कुणीही जायचं नाही. आधी ज्याने पाडलं त्याच्यावर मारा. मग धूर. धुराचा गोळा जखमीवर नाही फेकायचा, जखमी आणि शत्रू यांच्या मधे फेकायचा, आणि तो पसरेपर्यंत थांबायचं. एआयला धुराच्या आरपार दिसत नाही, पण शेवटचं जिथे पाहिलंय तिथे ते आंधळा गोळीबार करत राहतात, म्हणून जाताना सरळ रेषेत न जाता कडेने जायचं. गेल्यावर तिथेच पिशवी उघडून बसायचं नाही. आधी ओढून भिंतीमागे आणायचं.

जखमी शुद्धीवर असेल तर त्याने स्वतःच हातपाय चालवायचे. कंट्रोल आणि विंडोज की दाबून स्वतःला टूर्निके (रक्त रोखणारा आवळपट्टा) बांधता येतो. हातापायाची जखम असेल तर टूर्निकेने रक्त थांबतं आणि मेडिकला सावकाश यायला वेळ मिळतो. डोक्याला किंवा छातीला तो बांधता येत नाही, तिथे बँडेजच. म्हणून प्रत्येकाच्या खिशात बँडेजेस, दोन टूर्निके आणि एक स्प्लिंट (मोडलेल्या हाडाला आधार) हवा. सगळं मेडिकच्या पाठीवर लादायचं नाही.

भिंतीमागे आणल्यावरचा क्रम: रक्त थांबवणं, नाडी बघणं, बँडेज, मग टूर्निके सोडणं, मग सलाइन. यात एक खोच आहे जी नवीन मेडिकला हमखास नडते. ज्या हाताला टूर्निके बांधलाय त्याच हाताला मॉर्फिन टोचलं तर ते अंगात जातच नाही, टूर्निके सोडेपर्यंत अडकून राहतं. मग मेडिकला वाटतं लागू पडलं नाही, तो अजून एक टोचतो, अजून एक. टूर्निके सोडला की सगळी एकदम चढतात आणि वाचलेला माणूस मॉर्फिनने जातो. दुसऱ्या हाताला टोचा. आणि नाडी मंद असेल तर मॉर्फिन द्यायचंच नाही, दुखलं तर दुखू दे.

एसीईचं मेडिकल काढू नका. सेटिंगमध्ये खेळाडूच्या जीवघेण्या जखमांचा पर्याय आहे, तो बदलून ठेवा, म्हणजे गोळी लागल्या लागल्या माणूस थेट मरणार नाही, आधी बेशुद्ध पडेल. रक्तस्रावाचा वेगही कमी करता येतो. साध्या रिव्हाइव्हमध्ये माणूस एका बटणावर उभा राहतो, मग आडोसा शोधायचं कारणच उरत नाही.

---

पोर्ट_२३०२:

बाकी लढाई वरच्या दोघांनी लढलीये, मी फक्त रखडण्याचं सांगतो.

तूच होस्ट आणि तूच खेळाडू, म्हणजे वीस एआयचं डोकंही तुझ्याच प्रोसेसरवर चालतं आणि तुझं चित्रही. आर्मा ३ चा बराचसा भार एकाच कोअरवर पडतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड बदलून उपयोग नाही. ईडनमध्ये डायनॅमिक सिम्युलेशन लाव, लांबचे गट तुम्ही जवळ येईपर्यंत झोपलेले राहतील. व्ह्यू डिस्टन्स (किती लांबपर्यंत दिसतं ते) कमी कर, गावातल्या लढाईला मैलभर लांबचं झाड दिसायची गरज नाही. घरातला एखादा जुना पीसी असेल तर त्यावर वेगळा सर्व्हर चालव. स्टीमच्या टूल्समध्ये आर्मा ३ सर्व्हर फुकट मिळतो.

तिथे एक अडचण येईल. २३०२ पासून २३०६ पर्यंतचे यूडीपी पोर्ट उघडायचे असतात आणि आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले सीजीनॅटच्या मागे ठेवतात (अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा आयपी), तेव्हा राउटरमध्ये कितीही पोर्ट उघड, बाहेरून कुणी येत नाही. स्टॅटिक आयपी माग, नाहीतर झिरोटियरसारखं (सगळ्यांचे पीसी एका खासगी नेटवर्कवर जोडणारं) काहीतरी पाचही जणांनी टाका.

आणि मॉडची यादी तोंडी सांगू नकोस. लाँचरमधून प्रीसेट (मॉडची ठरवलेली यादी) एक्स्पोर्ट कर, एचटीएमएल फाइल निघते, ती सगळ्यांना पाठव. अर्धे भांडण "तुझं व्हर्जन वेगळंय" यावर होतं.

---

पंचगंगा_घाट:

सगळ्यांचे आभार. काल शनिवार होता, लगेच करून बघितलं.

पाच मिनिटं गप्प बसायचं म्हटल्यावर एक जण चहा करायला उठला, तो मात्र फायद्याचा ठरला, कारण बाकीच्या चौघांनी तोवर खरंच नकाशावर खुणा केल्या. गस्त दोन माणसांची होती, चर्चच्या बाजूने फिरून परत यायची. मिशन मी बनवलंय आणि मलाच हे माहीत नव्हतं, रँडम लावलं होतं.

वरून मशीनगन सुरू झाली आणि आम्ही तिघं बांधामागून पहिल्या घरापर्यंत पोचलो. पहिल्यांदाच! मावसभावाच्या मांडीत गोळी बसली, त्याने स्वतःच टूर्निके बांधला आणि "मी ठीक आहे, पुढे व्हा" म्हणाला. हे ऐकून आम्ही सगळे इतके हसलो की रेडिओ दोन मिनिटं बंदच. मंदाताई, त्याने मॉर्फिन बांधलेल्या पायाला नाही, हाताला टोचलं, शब्द न शब्द पाळला.

म्होरक्याच्या बाबतीत मधला मार्ग काढला. मी खालच्या तिघांत राहिलो, पण बंदूक खांद्याला आणि नकाशा उघडा. अधिकाऱ्याच्या घराच्या दारात मात्र राहवलं नाही.

पण अधिकारी मिळाला नाही. इफ्रिट गल्लीतून फिरून आली आणि तिच्या मशीनगनने आमची भिंत आणि आम्ही दोन्ही साफ केलं. पीसीएमएल (खांद्यावरून डागायचं गाडीफोडं क्षेपणास्त्र) वरच्या रायफलवाल्याकडे होतं, त्याला वरून गाडी दिसतच नव्हती. तो धावत खाली आला, घाईत मारलं, फुकट गेलं. दुसरं नव्हतंच. तिचं काय करायचं?

---

जुना_शिलेदार:

गाडी आधी. गावात पाय ठेवायच्या आधी. वरून पाच मिनिटं बघताना ती कुठे उभी आहे हे दिसलं होतं ना? मग पहिला फटका तिलाच. गोळीबाराला सुरुवातच पीसीएमएलने करायची, उभ्या गाडीवर, म्हणजे घाईचा प्रश्न येत नाही. इफ्रिट बहुतेक एकाच फटक्यात जाते.

एसीई असेल तर पीसीएमएल एकदाच चालतं, नळी टाकून द्यायची, म्हणून दोघांकडे एकेक दे. एक वर, एक खाली. खालचं राखून ठेवायचं. वरचं चुकलं तर गाडी हलेल आणि गल्लीतून येईल, तेव्हा ते लागेल. गल्लीत ती समोर येण्याआधी इंजिनचा आवाज येतो, तेवढा वेळ घराच्या आत शिरायला पुरतो. बांधामागे बसून तिची वाट बघू नका, गोळी नाही आली तरी गाडीच बांधावरून येते.

मारताना मागे कोण आहे ते बघायचं. एसीईमध्ये मागचा झोत माणूस लोळवतो, आणि खोलीच्या आतून मारलंत तर मागची भिंत तोच झोत तुमच्यावर उलटवते. तुमच्यात मागे नेमका कोण उभा असेल ते मी सांगायला नको, त्याला आधीच बाजूला घ्या.

दारात राहवलं नाही म्हणतोस, ते मंदाताईंच्या खात्यात जमा करतो.

---

मलमपट्टी_मंदा:

करा जमा. आणि त्या मावसभावाला दोन सलाइन जास्त द्या, एक लिटरच्या.