मदत हवी आहे: ललित लेख पाठवला, उत्तर नाही. दुसरीकडे पाठवू का?

कोरा_कागद:
वडिलांच्या आजारपणावरचा लेख एका मासिकाला पाठवलाय. होकार नाही, नकार नाही. दुसरीकडे पाठवला तर चालेल का? 'धीर धरा' सोडून काहीही सांगा.

अर्धविराम:
किती दिवस झाले? किती शब्द? पाठवला कसा? भाषा कुठली?

दूरदेशी:
इंग्रजी असेल तर 'ब्रेव्हिटी' हे छोट्या लेखांचं ऑनलाइन नियतकालिक ७५० शब्दांच्या वर घेत नाही. न्यूयॉर्क टाइम्सच्या 'मॉडर्न लव्ह' या सदराला १५०० ते १७०० लागतात. बऱ्याच ठिकाणी सबमिटेबल या वेबसाइटवर लेख चढवायचा, स्थिती तिथेच दिसते. एकाच वेळी अनेकांना पाठवलेलं बहुतेकांना चालतं. एकाने घेतला की बाकीच्यांना लगेच कळवायचं, एवढंच.

कोरा_कागद:
मराठी हो! ललित म्हटलंय ना. ३२०० शब्द, दीड महिना झाला, पीडीएफ मेल केली.

खोडरबर:
पीडीएफ, म्हणजे घोळ तिथेच. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलला की पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार भलतीकडे बसतो, जोडाक्षरं फुटतात. छापायचं तर लेख नव्याने टाइप करावा लागतो, आणि नवख्याच्या लेखासाठी एवढा खटाटोप कोण करणार? वर्ड फाइल द्या, युनिकोडमध्ये. कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केला असेल तर आधी बदलून घ्या आणि मग ओळ न ओळ वाचा, 'र'ची जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं हमखास बिघडतात. फाइलचं नाव म्हणजे लेखाचं शीर्षक आणि तुमचं नाव. 'फायनल २' नको. शब्दसंख्या मेलमध्येच लिहा.

पानभर:
पीडीएफला इतकं झोडपू नका. फोनवर वाचणाऱ्या संपादकाला ती बरी पडते.

खोडरबर:
वर्डसोबत खुशाल पाठवा. वर्डऐवजी नको.

स्वयंभू:
मासिकांच्या मागे कशाला लागता? किंडलवर ई-पुस्तक काढा, मराठी चालतं.

अर्धविराम:
३२०० शब्दांचं पुस्तक? असो. कोरा_कागद, संपादकाला लेख वाचायला साधारण दोन-तीन महिने लागतात असं धरा. मग दोन ओळींचं स्मरणपत्र: शीर्षक, पाठवल्याची तारीख, 'लेख विचाराधीन आहे का?' त्यालाही उत्तर नाही आलं तर 'अमुक तारखेपर्यंत निर्णय न कळल्यास लेख मागे घेतला असे समजावे' असं कळवा आणि त्यानंतरच दुसरीकडे. विशेषांकाला पाठवला असेल तर अंक निघेपर्यंत थांबावं लागेल.

दूरदेशी:
एकेका ठिकाणी तीन महिने? वर्ष असंच जाईल. एकदम सगळ्यांना पाठवा.

अर्धविराम:
आणि दोघांनीही न कळवता छापला तर? घेतल्याचं पत्र येतंच असं नाही, कधी थेट अंकच हातात पडतो. त्या दोन्ही ठिकाणी पुढचा लेख कोणी उघडणार नाही. नियमावलीत 'इतरत्र पाठवलेला चालेल' असं लिहिलं असेल तरच करा.

पानभर:
लेखाबद्दल कोणी बोलतच नाहीये. आजारपणावरचे लेख बहुतेकदा तारीखवार जातात: लक्षणं, तपासण्या, रिपोर्ट, वॉर्ड. पहिलं दीड पान पार्श्वभूमीतच संपतं आणि लेख खरा सुरू होतो तिसऱ्या पानावर. तिथून सुरुवात करा. एखादाच दिवस घेऊन मागचं त्यात ओवा. ३२०० चे १८०० झाले तर जागा मिळणंही सोपं. डॉक्टरांचं, शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढा. घरच्यांना छापण्याआधी वाचायला द्या, पण तथ्यं तपासण्यापुरतं. वाक्यं दुरुस्त करायला बसले तर लेख त्यांचा होतो.

खोडरबर:
घरच्यांना अजिबात देऊ नका. प्रत्येक जण एकेक परिच्छेद काढायला लावतो.

पानभर:
आणि छापून आल्यावर 'असं घडलंच नव्हतं' म्हणाले तर?

अर्धविराम:
लेख फेसबुकवर किंवा ब्लॉगवर टाकला होता का?

कोरा_कागद:
अर्धा टाकला होता, मग काढला. त्याचा काय संबंध?

अर्धविराम:
बरीच मासिकं जाहीर पोस्टला 'पूर्वप्रसिद्ध' धरतात, आणि 'अप्रकाशित' अशी अट असली की तिथेच लेख बाद. पोस्ट जाहीर होती की फक्त मित्रांपुरती? कोणी मजकूर उचलून पुढे पाठवला का? काहीही असो, स्मरणपत्रात एका ओळीत सांगून टाका. संपादकाला नंतर बाहेरून कळलं तर जास्त महागात पडतं.

कोरा_कागद:
जाहीर होती. पण अर्धीच होती ना! आणि आता १८०० शब्दांचा केला तर तो नवीन लेख धरतील का?

स्वयंभू:
किंडलला आधी प्रसिद्ध झालेलं चालतं, हक्क तुमचे असले की झालं. फक्त किंडलच्याच 'सिलेक्ट' योजनेत घालू नका, त्यात ९० दिवस डिजिटल मजकूर दुसरीकडे ठेवता येत नाही.