विषय: गारांनंतरचं छप्पर – साधी शिंगल, क्लास ४ की मेटल?

मंडळी, नमस्कार.
डॅलसजवळ एकमजली घर, छपराचा उतार ६:१२ (आडव्या १२ इंचांना ६ इंच चढ). गारांमुळे सगळं छप्पर बदलायचंय. कॉन्ट्रॅक्टरने तीन दर दिलेत: आर्किटेक्चरल शिंगल (साधी, जाड डांबरी पट्टी), क्लास ४ शिंगल (गारांचा मार सोसणारी) आणि स्टँडिंग सीम मेटल (उभ्या जोडांचे धातूचे पत्रे). काय घ्यावं? आणि मालाचा आकडा कसा पडताळायचा?

*

नमस्कार.
तुमच्या भागात क्लास ४ घ्या. हा माऱ्याच्या चाचणीतला सर्वात वरचा दर्जा; त्या चाचणीत २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. शिंगल आरपार तडकता कामा नये. बहुतेक क्लास ४ शिंगलच्या डांबरात रबरासारखं पॉलिमर असतं, त्यामुळे मार बसला तरी ती लवते. विमा कंपनीला सवलतीचा आकडा आधी विचारा, मगच दरातला फरक तोला.

मेटल टिकतं जास्त, पण गारांनी पोचे (खळगे) पडतात. पोचा पडला पण गळत नाही, तर अनेक पॉलिसी 'कॉस्मेटिक' (फक्त दिसण्यापुरतं नुकसान) म्हणून पैसे देत नाहीत. ते कलम वाचल्याशिवाय मेटलच्या वाटेला जाऊ नका. काँक्रीटची कौलं दिसतात छान, पण १०० चौरस फुटांना ९०० पौंडांच्या आसपास वजन. डांबरी शिंगलसाठी बांधलेल्या सांगाड्यावर ती इंजिनिअरला दाखवल्याशिवाय चढवू नयेत.

हिशेब असा: वळचणीसकट घराचं आडवं माप ४२ × ३२ फूट धरलं, तर १३४४ चौरस फूट. ६:१२ उताराला १.११८ ने गुणा: सुमारे १५०३, म्हणजे १५ स्क्वेअर (एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट). १० टक्के कापाकापी धरून १६.५. स्क्वेअरला साधारण ३ बंडल (शिंगलचे गठ्ठे), म्हणजे ५०. पाखे आणि व्हॅली (दोन पाखी मिळतात ती खोलगट रेघ) जास्त असतील तर १५ टक्के धरा. स्टार्टर (वळचणीची पहिली पट्टी) आणि रिज कॅप (माथ्यावरच्या पट्ट्या) वेगळे.

*

वरचं सगळं पटलं. पण चांगली शिंगलसुद्धा खिळ्यांनी वाया जाते. खिळा नेलिंग लाइनवरच (शिंगलवर छापलेल्या खिळ्यांच्या रेघेवर) हवा. वर गेला तर खालच्या शिंगलची वरची कड खिळ्यात येत नाही आणि वाऱ्यात पट्टी निसटते. गनचा दाब जास्त असला की खिळा शिंगल फाडून आत घुसतो. खिळ्याचं डोकं पृष्ठभागाशी सपाट बसलं पाहिजे. शिंगलला ४ ऐवजी ६ खिळे मागा, कोटेशनमध्ये लिहूनच.

व्हॅलीत आइस अँड वॉटर शील्ड (शिंगलखालचा चिकट जलरोधक पडदा) घालून घ्या. (मिनेसोटावाल्यांनो, तुमच्याकडे ते वळचणीपासून बाहेरच्या भिंतीच्या आत किमान २४ इंच जायला हवं, नाहीतर बर्फाच्या बांधामागचं पाणी घरात.) ड्रिप एज (कडेची धातूची पट्टी) वळचणीला अंडरलेमेंटच्या (शिंगलखालच्या अस्तराच्या) खाली आणि तिरक्या कडेला वर, हे उलटं केलेलं सर्रास दिसतं.

जुन्या फ्लॅशिंगला (सांध्यांवरच्या धातूच्या पट्ट्यांना) नुसता रंग फासून 'नवं' म्हणू देऊ नका. चिमणीभोवतीचं बदलायला लावा. कुजलेल्या प्लायवूडचा दर शीटमागे किती, तेही आधीच ठरवा. छप्पर उघडं पडल्यावर घासाघीस करता येत नाही.

आणि 'डिडक्टिबल (विम्याच्या दाव्यात तुम्ही स्वतः भरायचा वाटा) आम्ही भरतो' म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला दारातूनच परत पाठवा. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०१९ पासून ते बेकायदा आहे, आणि विमा कंपनी तुमच्याकडे भरल्याचा पुरावा मागू शकते.