‘द ग्रेट सायलेन्स’: कोणती आवृत्ती घ्यावी आणि कोणत्या भाषेत पाहावी?

डोंगरवाट (प्रश्न)

इटालियन वेस्टर्नपटांचा (अमेरिकी पश्चिमेतल्या बंदूकबाजांच्या कथा) दिग्दर्शक सर्जिओ लिओने याचे चित्रपट पाहून झाल्यावर मी त्याच्या समकालीनांकडे वळलो आणि सर्जिओ कोर्बुचीचा 1968 सालचा ‘द ग्रेट सायलेन्स’ एका जुन्या युरोपीय डीव्हीडीवर पाहिला. बर्फाने गाडले गेलेले यूटामधले स्नो हिल, लहानपणी गळा चिरला गेल्यामुळे मुका झालेला नायक आणि त्याच्यासमोर कायद्याच्या आश्रयाने, अगदी सभ्यपणे प्रेते गोळा करून इनाम वसूल करणारा क्लाउस किन्स्की, हे सगळे विलक्षण वाटले. मात्र प्रत फिकट होती आणि आवाजही विचित्र होता.

या चित्रपटाची लांबी सर्वत्र सुमारे 105 मिनिटे दिलेली आढळते, पण माझ्या डिस्कवर तो 101 मिनिटांतच संपतो. म्हणजे त्यातील काही दृश्ये कापली आहेत का? चित्रपटाचे एकाहून अधिक शेवट आहेत असेही वाचले. ते पाहण्याजोगे आहेत का? चांगली ब्लू-रे प्रत घ्यायची असेल तर कोणती घ्यावी आणि ती इटालियनमधून पाहावी की इंग्रजीतून, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

तिसरी घंटा

बहुधा काहीही कापलेले नाही. युरोपातील जुन्या डीव्हीडी पॅल या तिथल्या टीव्ही-पद्धतीच्या असत. चित्रपट सेकंदाला 24 चौकटींनी चित्रित होतो, पॅलमध्ये तो 25 चौकटींनी चालवला जातो आणि त्यामुळे एकूण वेळ चार टक्क्यांनी घटतो. 105 मिनिटांचा हिशेब केला तर उत्तर जवळपास 101 येते. वेगाबरोबर आवाजाची पट्टीही जरा चढते. ‘विचित्र आवाज’ म्हणून जे आपल्याला खटकले, त्यामागे हेच कारण असण्याचा संभव आहे. एन्निओ मोरिकोनेच्या या चित्रपटातील संगीतावर तर हा मोठाच अन्याय आहे, कारण ते इतर वेस्टर्नपटांतल्या संगीतासारखे दौडत नाही. ते थांबत थांबत, जवळजवळ विलापासारखे पुढे सरकते, आणि त्याची लय व पट्टी मूळचीच राहिली तर ते खरे ऐकू येते.

ब्लू-रेच्या बाबतीत दोन नावे विचारात घ्यावीत. हा चित्रपट अमेरिकेतील चित्रपटगृहांत रीतसर लागायला 2018 साल उजाडावे लागले. तो लावणाऱ्या ‘फिल्म मूव्हमेंट’ या वितरकाने त्याच वर्षी नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीवरून ब्लू-रे काढली. ब्रिटनमध्ये ‘युरेका’ने 2021 मध्ये आपल्या ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ मालिकेत तो आणला. पैसे मोजण्याआधी रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या विभागातील प्लेयरवर चालेल हे, पाहून घ्यावे. अमेरिका ए विभागात, ब्रिटन बी विभागात आणि भारत सी विभागात येतो, त्यामुळे विभागाचे कुलूप असलेली परदेशी डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेयरवर चालणार नाही.

रिळवाला

भाषेविषयी माझे मत स्पष्ट आहे: इटालियन ध्वनिपट्टी आणि सबटायटल्स. त्या काळातील इटालियन चित्रपट बहुतांशी थेट ध्वनिमुद्रण न करता चित्रित होत आणि नंतर स्टुडिओत सर्वांचे आवाज भरले जात, त्यामुळे कोणत्याही ध्वनिपट्टीला ‘मूळ आवाज’ म्हणता येत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. तरीही इटालियन डबिंग ज्या प्रेक्षकासाठी केले गेले त्याच्यासाठीच कोर्बुची चित्रपट रचत होता. लुइजी पिस्तिल्लीने रंगवलेला पॉलिकट हा गावचा सावकार आणि न्यायाधीश, उपाशी माणसांना गुन्हेगार ठरवून त्यांच्या डोक्यावर इनाम लावण्यातच त्याचा फायदा आहे. अशा पात्राचा गोडवा आणि तुच्छता इटालियन आवाजात अधिक नेमकी उतरली आहे. किन्स्कीने रंगवलेल्या खलनायकाचे नावदेखील भाषेगणिक बदलते, इंग्रजीत लोको आणि इटालियनमध्ये तिग्रेरो, हे लक्षात असलेले बरे, नाहीतर वाचताना गोंधळ उडतो.

यातली गंमत अशी की ज्याँ-लुई त्रँतिन्याँचा नायक एक शब्दही बोलत नसल्याने कोणत्याही डबिंगचा त्याला धक्का लागत नाही. भाषा बदला, तो तसाच राहतो.

पडद्याआड

रिळवाला यांच्याशी मी अर्धाच सहमत आहे. किन्स्की आणि शेरीफ झालेला फ्रँक वुल्फ यांच्या ओठांची हालचाल अनेक ठिकाणी इंग्रजीशी जुळते आणि त्या दोघांची जुगलबंदी मला इंग्रजीत अधिक रंगलेली वाटते. शिवाय डोळे सबटायटल्सवर खिळले की सिल्व्हानो इप्पोलितीचे छायाचित्रण निसटते, आणि या चित्रपटात ते निसटू देणे परवडणारे नाही. सुदैवाने चांगल्या डिस्कवर दोन्ही ध्वनिपट्ट्या असतात, तेव्हा वाद घालत बसण्यापेक्षा दोनदा पाहावे.

लिओनेच्या अतिरुंद पडद्याची सवय असलेल्यांना इथली 1.66 प्रमाणाची (उंचीच्या 1.66 पट रुंद) चौकट अरुंद भासेल, पण ती मुद्दाम कापलेली नाही. कोर्बुचीने आपला ‘जँगो’ हा वेस्टर्नदेखील याच प्रमाणात चित्रित केला होता. बाहेरची दृश्ये डोलोमाइट पर्वतांत, कोर्तिना द’आम्पेत्सोच्या परिसरात घेतली आहेत. गावातली बरीच दृश्ये मात्र रोमजवळच्या स्टुडिओतील आहेत आणि तिथे बर्फ म्हणून दाढीचा फेस वापरला होता. जुन्या, धूसर डीव्हीडीवर हा फरक झाकला जातो. ब्लू-रेवर रात्रीच्या दृश्यांत तो बारकाईने पाहणाऱ्याला कळतो. मला त्याचे काही वाटत नाही.

चित्रप्रतीच्या दुरुस्तीच्या दृष्टीने हिमवर्षावाचा चित्रपट फार अवघड. निगेटिव्हवरची धूळ पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात दिसते आणि पडणारा बर्फही तसाच दिसतो. संगणकाच्या भरवशावर सरसकट सफाई केली तर धुळीबरोबर बर्फही पुसला जाऊ शकतो. म्हणून अशा प्रतीत थोडे ठिपके आणि फिल्मचा रवा (ग्रेन) शिल्लक राहिला असेल तर मी तक्रार करत नाही. गुळगुळीत, मेणचट चित्रापेक्षा ते पुष्कळ बरे.

तिसरी घंटा

पर्यायी शेवटांचा प्रश्न अनुत्तरित राहिला होता. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी पुढचा परिच्छेद कृपया सोडून द्यावा.

मूळ शेवटात कोणीही वाचत नाही: नायक जातो, त्याला नवऱ्याच्या खुनाचा सूड घेण्यासाठी आणणारी पॉलीन जाते, ओलीस धरलेले गावकरी मारले जातात आणि किन्स्की कायद्याचा दाखला देत निघून जातो. निर्मात्यांच्या समाधानासाठी कोर्बुचीने एक सुखान्तही चित्रित केला. त्यात गोठलेल्या तळ्यात बुडून मेला असे आपण समजलेला शेरीफ अचानक घोड्यावरून अवतरतो आणि नायकाच्या जायबंदी हातावरच्या पट्टीखाली लोखंडी पंजा निघतो. तो पाहताना हसू येते, आणि दिग्दर्शकाने तो मुद्दामच इतका अविश्वसनीय केला असावा अशी शंका मला आहे. तिसरा शेवट म्हणजे मूळ दृश्यांचीच फेरजुळणी असून तो सगळे मोघम ठेवतो. ‘फिल्म मूव्हमेंट’च्या डिस्कवर हे दोन्ही पर्यायी शेवट आहेत. सोबत दिग्दर्शक अ‍ॅलेक्स कॉक्सचे कोर्बुचीवरचे विवेचन आहे आणि इटालियन वेस्टर्नवरचा 1968 सालचा एक माहितीपटही आहे. सुखान्त एकदा जरूर पाहावा, मात्र चित्रपट संपल्यावर लगेच नको. मध्ये एखादा दिवस जाऊ द्यावा.

रिळवाला

एक भर घालतो. क्रांतिकारक चे गेव्हारा आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स यांच्या हत्यांचे सावट कोर्बुचीच्या मनावर होते असे त्याच्या पत्नीने सांगितल्याचे वाचनात आले आहे, आणि ते खरे मानले तर मूळ शेवट हा निव्वळ धक्का देण्यासाठी केलेला नाही हे पटते. पॉलीनच्या भूमिकेसाठी व्हॉनेटा मॅगी या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची निवड आणि तिच्या व नायकाच्या प्रेमदृश्यातला संयमसुद्धा याच संदर्भात पाहावा. 1968 च्या वेस्टर्नमध्ये असे काही क्वचितच दिसत असे.

डोंगरवाट

सर्वांचे आभार. मिनिटांचा हिशेब जुळला, आणि सुखान्त मी पाहिलेल्या डिस्कवर नव्हता हे एका परीने बरेच झाले असे आता वाटते. माझ्याकडे बहुविभागीय प्लेयर नाही. अशा वेळी नवा प्लेयर घ्यावा, की संगणकाला जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह पुरेल?

पडद्याआड

याच वाटेवर पुढे जायचे असेल तर प्लेयरच घ्यावा. संगणकावर विभाग सहसा मोजक्याच वेळा बदलता येतो आणि मग तो ठरून जातो. कमी प्रसिद्ध इटालियन वेस्टर्नच्या उत्तम प्रती कधी ब्रिटनमधून निघतात, कधी अमेरिकेतून, कधी जर्मनीतून. त्यामुळे ए आणि बी हे दोन्ही विभाग आणि जुन्या पॅल डीव्हीडी चालवणारे यंत्र हाताशी हवे. विकत घेताना ते ब्लू-रेसाठी बहुविभागीय आहे ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे, कारण पुष्कळ यंत्रे केवळ डीव्हीडीपुरतीच तशी असतात.