दावर: १८९७चे वकील, १९०८चे न्यायमूर्ती

मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती दिनशा दावर आपल्याला ठाऊक आहेत ते २२ जुलै १९०८च्या रात्रीमुळे. टिळकांना ६ वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा त्यांनीच सुनावली. पण मला जास्त टोचते ते ११ वर्षे आधीचे. १८९७च्या राजद्रोह खटल्यात न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे टिळकांचा जामीन मागायला उभे राहिलेले बॅरिस्टर हेच दावर! तय्यबजींनी जामीन दिला. १९०८मध्ये जिनांनी दावरांकडे टिळकांसाठी तेच मागितले आणि दावरांनी नाकारले. सरकारला हवी होती ती खास ज्युरीही दिली: ७ युरोपीय, २ पारशी. खटला ज्यांवरून चालला ते लेख ‘केसरी’तले, मराठीत, वाचणार कोण? वर शिक्षा देताना लिहिणाऱ्याचे मन रोगट नि विकृत ठरवले. माझ्या मते खुर्चीसाठी माणूस बदलला.

प्रतिसाद: साफ असहमत. वकील अशिलाची बाजू मांडतो, ती त्याची स्वतःची मते नसतात. १८९७मध्ये तय्यबजींच्या आधी हायकोर्टाने टिळकांचा जामीन नाकारला होता आणि त्या पीठावर पार्सन्स यांच्याबरोबर आपले रानडे होते. रानड्यांनाही खुर्चीचे मिंधे म्हणणार का? दोषी ठरवले ज्युरीने, ७ विरुद्ध २. राजद्रोहाच्या कलम १२४-अ खाली जन्मठेपही देता आली असती.

धागाकर्ता: रानड्यांचा मुद्दा मान्य, जामिनावरून नियत ठरवायला नको होती. ज्युरीचे मात्र पटत नाही. खास ज्युरी मंजूर करणे दावरांच्याच हातात होते.

आणखी एक प्रतिसाद: ‘त्या काळी दुसरे काय करणार’ म्हणणाऱ्यांनी १९१६ आठवावे. टिळकांच्या होमरूलच्या भाषणांवरून मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. तो हुकूम याच हायकोर्टात न्या. बॅचलर आणि न्या. शाह यांनी रद्द केला. बॅचलर इंग्रज! भाषणे तुकड्यांनी नव्हे, अखंड वाचावीत असे त्यांनी धरले. म्हणजे वाट होती.

पहिला प्रतिसादक: तुलना चुकते आहे. १९०८चे लेख मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर काही आठवड्यांतले, बॉम्बवरचेच. १९१६ची भाषणे स्वराज्याच्या सनदशीर मागणीची. न्यायाधीशापुढे कागद वेगळा, निकाल वेगळा.

धागाकर्ता: ६ वर्षे त्या बॉम्बच्या धास्तीतून आली, असे वादापुरते धरू. ‘रोगट मन’ कोणत्या कलमात बसते तेवढे सांगा.