मदत हवी आहे: बाळंतपणाचा १८वा दिवस, अंगावरून पुन्हा लाल जातंय, रडू थांबत नाही

चौकस: बहिणीची नॉर्मल डिलिव्हरी, खाली टाके. स्राव तपकिरी झाला होता, कालपासून पुन्हा लाल. रात्री घामाने कपडे भिजतात. खोकलं की थेंबभर लघवी होते. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, दिवसभर रडू येतं. सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत थांबलं तर चालेल का?

पाऊलवाट: नाही, थांबू नका. आधी रक्ताचं बघू. गर्भाशयात वार (प्लासेंटा) सुटलेल्या जागेवरची खपली साधारण ७ ते १४ दिवसांत निघते. तेव्हा तास-दोन तास लाल जातं आणि आपोआप ओसरतं. धावपळ जास्त झाली तरी रंग लाल होतो, पण विश्रांती घेतली की उतरतो. इथे कालपासून टिकून आहे. वारेचा तुकडा आत राहिला किंवा जंतुसंसर्ग झाला तरी असंच दिसतं, म्हणून आजच डॉक्टरांना फोन करा. पॅड किती वेळात भिजतं ते लिहून ठेवा, पहिला प्रश्न तोच येणार. टॅम्पॉन किंवा कप अजिबात नको.

तासात पॅड पूर्ण भिजून पुढच्या तासातही तेच, लिंबाहून मोठी रक्ताची गाठ, घाण वास, ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, चक्कर, यातलं एक जरी दिसलं तर थेट हॉस्पिटल. जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे काजवे असतील तर बीपी मोजा. ते बाळंतपणानंतरही वाढू शकतं, गरोदरपणात नॉर्मल असलं तरी.

घामाचं टेन्शन नको. इस्ट्रोजेन एकदम उतरतं, गरोदरपणात साठलेलं पाणी बाहेर पडतं. फक्त ताप थर्मामीटरनेच बघा, कपाळाला हात लावून नाही.

मधली ओळ: लघवीसाठी: वारा आणि लघवी दोन्ही एकदम अडवल्यासारखं आत-वर ओढायचं, ५ सेकंद धरायचं, १० सेकंद पूर्ण सैल. असं १० वेळा, दिवसातून ३ दा. टाक्यांत दुखलं तर काही दिवस थांबा. श्वास रोखणं आणि ढुंगण आवळणं या नेहमीच्या चुका. त्याहून मोठी चूक म्हणजे नीट सैल न सोडणं, स्नायू थकतो आणि गळती तशीच राहते. लघवी करता करता सराव नको, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्ट गाठा.

पाऊलवाट: आता रडू. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होऊन चौथ्या-पाचव्या दिवशी जोर धरणारं रडू बहुतेकींना येतं, दोन आठवड्यांत जातं. १८व्या दिवशीही रोज येत असेल तर 'जागरणाने होतं' म्हणून सोडून देऊ नका. बाळ झोपलेलं, घर शांत, तरी डोळा लागत नाही, ही मला सगळ्यात महत्त्वाची खूण वाटते. एडिनबर्ग प्रश्नावली (बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची) तिला स्वतःला, एकटीला भरू द्या. १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दल, गुण ० ते ३०. सासूबाई शेजारी बसल्या की उत्तरं बदलतात.

चौकस: डॉक्टरांनी आजच बोलावलंय. प्रश्नावलीत १४ आले. शेवटच्या प्रश्नाला 'कधीच नाही'.

पाऊलवाट: दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं असतं तर बेरीज न बघता त्याच दिवशी दाखवावं लागलं असतं. १४ म्हणजे निदान नव्हे, पण नैराश्याची शक्यता बरीच आहे. भरलेला कागद सोबत न्या, नाहीतर तपासणी टाक्यांवरच संपते. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायचं का ते विचारा. थायरॉईड बाळंतपणानंतर काही महिन्यांनीही बिघडतं, म्हणून आत्ता नॉर्मल आला तरी नंतर थकवा वाढला तर परत करा. नैराश्याच्या गोळ्या लागल्या तर दूध तोडावं लागेल असं गृहीत धरू नका. सर्ट्रालीन ही त्यातलीच एक गोळी, ती दुधात फार कमी उतरते, अंगावर पाजताना ती बऱ्याचदा देतात.

मधली ओळ: आणि रात्री सलग ४-५ तास बाळ दुसऱ्या कुणाकडे, काढून ठेवलेल्या दुधासकट. छाती दाटून दुखली तर मध्ये थोडं दूध काढायचं. ती झोपच नको म्हणायला लागली, असंबद्ध बोलली, नसलेले आवाज ऐकू आले किंवा घरच्यांवर विनाकारण संशय घेऊ लागली तर सकाळची वाट बघू नका. तिला आणि बाळाला एकटं न सोडता तातडीने हॉस्पिटलला न्या.